मुलीचं गणित, मुलाचं वाचन

शाळेच्या पालकसभेत थोडा वेळ कान देऊन बसलं, तर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मुलाला कमी गुण पडले असतील तर बाई म्हणतात, "हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही." मुलीला चांगले गुण पडले असतील तर म्हणतात, "खूप मेहनती आहे, वह्या बघा किती नीटनेटक्या." आईवडील दोन्हींवर मान डोलावतात, कारण दोन्ही वाक्यं कौतुकाचीच वाटतात. मुलगा नापास होता होता वाचला तरी त्याची हुशारी शाबूत राहिली आणि मुलगी पहिली आली तरी तिच्या वाट्याला फक्त कष्ट आले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुलांच्या मात्र येतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप लवकर येतं.

किती लवकर, याचा अंदाज २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासावरून करता येतो. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांनी अमेरिकेतल्या पाच ते सात वर्षांच्या मुलांना ‘खूप खूप हुशार’ अशा एका माणसाची गोष्ट सांगितली आणि तो माणूस कोण असेल ते चित्रांतून ओळखायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुलींनी बाईचं चित्र निवडलं, मुलग्यांनी पुरुषाचं. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये बाईचं चित्र निवडण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं. पुढे त्यांना दोन खेळ दाखवले. ‘हा खूप हुशार मुलांचा खेळ आहे’ म्हटल्यावर मुलींचा उत्साह मुलग्यांपेक्षा कमी झाला. ‘हा खूप मेहनत करणाऱ्यांचा खेळ आहे’ म्हटल्यावर फरक उरला नाही. आणि शाळेत चांगले गुण कोणाला पडतात असं विचारलं, तर याच मुली न कचरता मुलींचं नाव घेत होत्या. म्हणजे आपण गुण मिळवतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या गुणांचा आणि हुशारीचा संबंध मात्र त्यांच्या मनातून तुटला होता, तोही पहिली-दुसरीच्या वयात.

आपल्याकडचं चित्र यापेक्षा वेगळं वाटत नाही. महाराष्ट्रात २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. बारावीला मुली ९४.५८ टक्के, मुलगे ८९.५१ टक्के. हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि निकालाच्या दिवशी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला असतो. दुसरीकडे आयआयटीत मुलींचं प्रमाण इतकं कमी होतं की ते २० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा काढाव्या लागल्या. दहावीला पुढे असलेली मुलगी दोन वर्षांत बुद्धीनं मागे पडत नाही. मधल्या काळात कोणाला लातूरला किंवा कोट्याला पाठवलं, कोणासाठी दोन लाखांचा क्लास लावला आणि कोणाला "जवळच्या कॉलेजात घे, येण्याजाण्याचं बघायला हवं" असं सांगितलं, ते आठवून पाहा.

मग मुलामुलींत काही फरकच नाही का? सरासरी पाहिली तर आहे, आणि तो नाकारून मुलांचं भलं होणार नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये ८१ देशांत आणि प्रदेशांत झाली. त्यात भारत नव्हता. विकसित देशांच्या सरासरीत गणितात मुलगे ९ गुणांनी पुढे होते आणि वाचनात मुली २४ गुणांनी. गणिताची एवढी चर्चा होते, पण मोठी तफावत वाचनात आहे आणि ती मुलग्यांच्या विरुद्ध आहे. आता त्याच मोजपट्टीवर एकाच देशातल्या वरच्या आणि खालच्या विद्यार्थ्यांतलं अंतर २०० गुणांहून जास्त भरतं. २०० समोर ९ ठेवून पाहिले की समोर बसलेलं मूल मुलगा आहे की मुलगी यावरून त्याच्या गणिताबद्दल काहीच सांगता येत नाही, हे पटतं. शिवाय काही देशांत गणितातही मुलीच पुढे आहेत.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात २०२३ मध्ये भारतातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. मातृभाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा ७६ टक्के मुलींना वाचता आला, मुलग्यांपैकी ७०.९ टक्क्यांना. अंकगणितात आणि इंग्रजी वाचनात मुलगे पुढे होते. भाषेत मुली आणि हिशेबात मुलगे, हा साचा इथेही दिसतो. तो जन्माबरोबर किती येतो आणि घरादारातून किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण ईशान्य भारतातला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. मोशे हॉफमन, उरी नीझी आणि जॉन लिस्ट यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. खासी समाजात घराचा वारसा मुलीकडे जातो, शेजारच्या कार्बी समाजात मुलाकडे. दोन्ही समाजांतल्या लोकांना चार तुकड्यांचं एक लाकडी कोडं जुळवायला दिलं. कार्बींमध्ये पुरुष ते बायकांपेक्षा लवकर जुळवत होते. खासींमध्ये हा फरक दिसलाच नाही. आकार मनात फिरवून पाहण्याची ही क्षमता पुरुषांची जन्मजात म्हणून सांगितली जाते. तीच क्षमता शेजारच्या गावात, मुलींना घरात वेगळं स्थान आहे तिथे, समसमान निघाली.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी लक्ष द्यावं ते सरावाकडे. कोणत्या मुलाला कशाचा सराव मिळाला आणि कशाचा मिळाला नाही, ही एकच गोष्ट खात्रीनं आपल्या हातात आहे.

बोलण्यापासून सुरुवात करा. मुलाच्या गणितातल्या यशाचं श्रेय पालक बुद्धीला देतात आणि मुलीच्या यशाचं कष्टाला, हे डोरिस यी आणि जॅकलीन एक्लिस यांनी १९८८ मध्येच नोंदवलं होतं. मुलीनं अवघड उदाहरण सोडवलं तर "किती अभ्यास केलास गं" एवढ्यावर थांबू नका. "ही पायरी तुला कशी सुचली? मला समजावून सांग" असं विचारा. ती सांगू लागली की आपण विचार केला, नुसतं पाठ केलं नाही, हे तिला स्वतःच्या तोंडून ऐकू येतं. मुलाच्या बाबतीत ‘हुशार आहे पण’ हे शब्दच बंद करा. त्यानं त्याचं दुहेरी नुकसान होतं. अभ्यास न करता हुशार म्हणवून घ्यायची सवय लागते, आणि अभ्यास करूनही गुण कमी आले तर ती पदवी जाईल या भीतीनं तो वहीला हात लावत नाही. त्याऐवजी नेमकं बोला: "वर्गसमीकरणांच्या सरावसंचातली अर्धी उदाहरणं तू सोडवलीच नाहीस, म्हणून पेपरात अडकलास. आज त्यातली चार घेऊ."

दुसरी गोष्ट मुख्यतः आयांसाठी आणि प्राथमिक शाळेतल्या बाईंसाठी आहे. ती दोष द्यायला सांगत नाही, पण तिचं मोल मोठं आहे म्हणून सांगते. "मलासुद्धा गणित कधी जमलं नाही" हे वाक्य मुलीसमोर उच्चारू नका. मुलीला धीर द्यायलाच आपण ते बोलतो. तिला मात्र त्यातून एवढंच कळतं, की आपल्या घरातल्या बायकांना गणित येत नसतं. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षिकाच होत्या, काहींच्या मनात गणिताची धास्ती होती. वर्षाच्या सुरुवातीला त्या धास्तीचा मुलांच्या गुणांशी संबंध नव्हता. वर्ष संपताना अशा बाईंच्या वर्गातल्या ज्या मुलींना ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ असं वाटू लागलं होतं, त्यांचं गणित मागे पडलं होतं. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान होता, तरी सांगण्यासारखा आहे.

उत्तर येत नसेल तर "थांब, पुस्तक उघडून दोघी बघू" म्हणा. आणि तुम्ही रोज जे गणित करता ते तिला दाखवा. बचत गटाच्या बैठकीला तिला शेजारी बसवा. पाच हजारांचं कर्ज, दरमहा दोन टक्के व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याला शंभर रुपये. मग वर्षाचा दर किती झाला, आणि बँकेपेक्षा तो किती जास्त, हे तिच्याकडून काढून घ्या. ब्लाउज बेतताना मापं घेऊन कापडावर खडूनं आखणी करणारी आई भूमितीच करत असते. तिनं तसं बोलून दाखवायला हवं.

आता हातांकडे बघू. सातवी-आठवीच्या प्रयोगशाळेत विजेच्या परिपथाचा प्रयोग चालू असताना एखाद्या टेबलाजवळ उभं राहा. पाच-सहा जणांचा गट असतो. सेल, वायरी, बल्ब आणि कळ मुलग्यांच्या हातात. एक मुलगी जर्नल उघडून तयार, दुसरी पट्टीनं निरीक्षणांचा तक्ता आखते. बल्ब लागत नाही. मुलगे वायरी उलटसुलट करून बघतात, एक सेल काढून पुन्हा बसवतो, बल्ब लागतो, आरडाओरडा होतो. मुलगी सुवाच्य अक्षरात लिहिते: ‘कळ दाबल्यावर बल्ब प्रकाशित झाला.’ तासाच्या शेवटी जर्नलला गुण तिला जास्त मिळतात. बल्ब का लागत नव्हता, हे मात्र तिला कळलेलं नसतं. आणि ज्यानं बल्ब लावला त्याला दोन ओळी धड लिहिता येत नसतात. दोघांचंही अर्धं शिक्षण राहिलं. शिक्षकांना यावर उपाय अगदी सोपा आहे: प्रत्येक प्रयोगाला कामं बदलायची, जोडणारा आणि लिहिणारा कोण हे आधी ठरवून फळ्यावर लिहायचं. गट दोघा-दोघांचे करता आले तर फारच उत्तम.

घरीही हेच. दिवाळीत किल्ला करायला मुलगे चिखलात उतरतात, मुलींच्या वाट्याला मावळे मांडणं आणि अळीव पेरणं येतं. उतार कुठे द्यायचा, बुरूज कसा उभा राहील, कागदावरच्या तटाला उंची कशी द्यायची, हा सगळा आकार मनात फिरवण्याचाच सराव आहे. ही क्षमता सरावानं वाढते, हे २००हून अधिक अभ्यास एकत्र तपासून डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा मुलीला किल्ल्याची आखणी करू द्या, सायकलची उतरलेली चेन तिलाच बसवायला सांगा, नवीन कपाटाचे भाग जोडताना पान्हा तिच्या हातात द्या.

आणि मुलीला जे आपण देतो त्यातलं गणितही उघड करून दाखवा. ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली १०, ९, ८, ७ आणि ६, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. अंगणात तयार होतो तो षट्कोन. आता मुलाला आणि मुलीला दोघांनाही विचारा: एकेक न मोजता सांगा, एकूण ठिपके किती? कोणी म्हणेल, वरचे ४० आणि खालचे ४० अधिक मधले ११. कोणी मधला एक ठिपका बाजूला ठेवून उरलेल्यांचे सहा त्रिकोण पाडेल. प्रत्येकात १ अधिक २ अधिक ३ अधिक ४ अधिक ५, म्हणजे १५, त्याचे सहा पट ९०, आणि मधला एक. दोन्ही रीतींनी ९१. मग १३ ते ७ ची रांगोळी द्या आणि बघा कोण आधी सांगतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुली हा षट्कोन काढत आल्या, पण ही भूमिती आहे असं त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि मुलग्यांना तर रांगोळीला हातच लावू दिला नाही.

वेळेचं गणित सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या, घरकाम करणाऱ्या मुली-बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, मुलगे-पुरुषांची ९७. परीक्षेच्या आठवड्यात तुमच्या घरात चहा कोण टाकतं, पाहुण्यांना पाणी कोण देतं, धाकट्याला कोण सांभाळतं, हे एका कागदावर आठ दिवस लिहून काढा. चर्चा करू नका, नुसतं लिहा. मग कामं वाटा. कपडे वाळत घालणं, भाजी निवडणं, ताटं घेणं मुलग्यांकडे द्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते, त्याची बरीच चर्चा झाली. सात वर्षांच्या मुलानं पुस्तकात बघितलेलं घरात दिसलं, तर त्याला त्यात नवल वाटणार नाही.

मुलग्यांच्या वाचनाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्याची काळजी फारसं कोणी करत नाही. मुलीचं गणित कच्चं राहिलं की निदान क्लास लावला जातो. मुलग्याचं मराठी कच्चं राहिलं तर "मराठी काय, पास झालं की पुरे" असं म्हणून विषय संपतो. अक्षर वाईट असेल तर "मुलगा आहे, असंच असणार." पण दहावीचा इतिहास, विज्ञानाची दीर्घोत्तरं, गणितातली शाब्दिक उदाहरणं, पुढे कायदा, बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा या सगळ्यांत वाचूनच पुढे जायचं असतं. दहावीला नापास होणाऱ्यांत मुलग्यांचा वाटा जास्त का, याचं एक उत्तर इथे दडलेलं आहे. मुलगे वाचत नाहीत याचं एक कारण असं की वाचणारा पुरुष त्यांना घरात दिसतच नाही. बाबांनी मोबाइल बाजूला ठेवून रोज वीस मिनिटं मुलाशेजारी काहीतरी छापील वाचावं, क्रिकेटचं पान असलं तरी चालेल. लहानांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम आईकडेच ठेवू नका, तेही बाबांनी करावं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, गडकिल्ल्यांची, यंत्रांची, सापांची पुस्तकं, मुलाला जे आवडेल ते. निवड त्याला करू द्या. आणि कविता वाचून मुलाचे डोळे भरले, तर कोणी हसणार नाही याची काळजी घ्या.

इथेच एक सावधगिरी. वाचताना अक्षरं उलटसुलट होणं, शब्द गाळणं, तोंडी उत्तर येत असून लिहिता न येणं, हे सतत दिसलं तर ‘मुलगे असतातच आळशी’ म्हणून सोडून देऊ नका, तपासणी करून घ्या. ती अध्ययन अक्षमता असू शकते, तिला अपंगत्व हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्थान आहे आणि आपलं माध्यमिक शिक्षण मंडळ परीक्षेत सवलती देतं. उलट, याच अडचणी असलेली मुलगी वर्गात शांत बसते, त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. ‘साधी आहे बिचारी’ म्हणून तिची वर्षं वाया जातात. गप्प मुलीच्या वह्या अधूनमधून मुद्दाम तपासा.

शिक्षकांसाठी आणखी दोन गोष्टी. प्रश्न विचारल्यावर सगळ्यांत आधी वर गेलेल्या हाताकडे लगेच जाऊ नका; मनातल्या मनात पाच मोजा, तेवढ्यात आणखी हात वर येतात. आणि चाचणीचे पेपर तपासताना शक्य असेल तर नावाची बाजू दुमडून ठेवा. इस्राएलमध्ये व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी सहावीच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या शिक्षकांनी दिलेले गुण आणि नाव झाकून तपासलेल्या परीक्षेतले गुण ताडून पाहिले. काही शिक्षकांचा कल मुलग्यांकडे झुकलेला होता, आणि पुढे माध्यमिक शाळेत मुलामुलींच्या गणितावर आणि विषयनिवडीवर त्याचा परिणाम दिसत राहिला. २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री मरियम मिर्झाखानी; माध्यमिक शाळेत असताना एक वर्ष तिच्या शिक्षिकेला ती गणितात विशेष वाटली नव्हती, आणि तिचा गणितातला रसच आटला होता. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले आणि तो परत आला.

‘फक्त एक वाक्य बोला आणि गुण वाढवा’ असे दावेही ऐकू येतात, त्यांच्या मागे लागू नका. मुलीला पेपराआधी साचेबद्ध समजाची आठवण करून दिली की तिचे गुण घसरतात, असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांवर ते नीट तपासलं, तेव्हा २०१८ मध्ये तसा परिणाम आढळला नाही. एका वाक्यानं फार बिघडत नाही आणि फार सुधारतही नाही. वर्षानुवर्षं रोज जे चालतं, त्यानं घडतं. डोळ्यांसमोरच्या माणसांचंही तसंच आहे. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत आरक्षणामुळे दोन वेळा बाई सरपंच झाली, तिथे मुलामुलींच्या शिक्षणाबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांतलं अंतर कमी झालं, मुलींच्या स्वतःच्या अपेक्षा वाढल्या, शिक्षणातली तफावत मिटली आणि मुलींचं घरकामही घटलं, असं लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आढळलं. तेव्हा मुलीला मंगला नारळीकरांची ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ आणून द्या, आणि त्या कोण होत्या तेही सांगा. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला पहिल्या आलेल्या, लग्नानंतर घर आणि मुली सांभाळत, खंड पडल्यावर पुन्हा उभ्या राहून १९८१ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या. आपल्या मुलीला गणिताचं वेड असेल, तर ते मराठी घरात नवीन नाही, हे तिला कळू दे.

शेवटी दहावीनंतरची निवड. अकरावीच्या अर्जात विज्ञान शाखा भरली तरी घरात एक वाटणी होऊन गेलेली असते: मुलीला बायो, मुलाला मॅथ्स. ‘असर’च्या त्याच पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत मुलग्यांपैकी ३६.३ टक्के होते, मुलींपैकी २८.१ टक्के. अर्ज भरण्याआधी निकालपत्रक बाजूला ठेवून मुलाशी किंवा मुलीशी एकदा निवांत बोला. कोणत्या विषयाचा अभ्यास कोणी न सांगता करतोस? कोणत्या विषयात अडकल्यावर राग येण्याऐवजी आणखी प्रयत्न करावासा वाटतो? कोणता विषय केवळ भीतीपोटी सोडतो आहेस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तो विषय लगेच सोडू नका. गणिताची भीती बहुतेक वेळा आठवी-नववीच्या बीजगणितात किंवा अपूर्णांकांत अडलेली असते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत रोज तासभर बसून ती दुरुस्त होते. मुलाला भाषा, मानसशास्त्र, इतिहास किंवा चित्रकला खुणावत असेल तर त्यालाही हेच तीन प्रश्न विचारा, आणि "मुलगा असून आर्ट्स?" हे वाक्य काका-मामांना त्याच्यासमोर बोलू देऊ नका. मुलीला शहराबाहेर शिकायला पाठवायचं असेल तर वसतिगृह, बस, ओळखीचं घर यांची चौकशी निकालाची वाट न बघता जानेवारीतच सुरू करा. निकालानंतरच्या गडबडीत ‘सोय नाही’ म्हणून मागे ठेवल्या जातात त्या बहुतेक मुलीच असतात.